पूजेतला बॉयलर

खंडेनवमीच्या सकाळी मीनाक्षीनं नवऱ्याचा बॉयलर पूजेच्या पाटावर ठेवला, त्याला हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि इतक्या सोज्वळ चेहऱ्यानं नमस्कार केला, की लक्ष्मणला भरून आलं. लग्न झाल्यापासून बायकोनं त्याच्या कुठल्याही वस्तूचं असं कौतुक केलं नव्हतं.

बॉयलर देखणा होताच. लक्ष्मण वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर. तिथल्या मित्राकडून त्यानं तो स्टेनलेस स्टीलमध्ये बनवून घेतला होता. कळशीहून लहान, चकचकीत, विजेवर चालणारा. बटण दाबायचं आणि वाफ घ्यायची. त्याच्या आजूबाजूला लक्ष्मणच्या वडिलांचे, तात्यासाहेबांचे, झाडून सगळे पाने, हातोड्या, कानशी आणि त्यांचे थोरले भाऊ नानासाहेब यांनी देवगावहून पिशवीत घालून आणलेला विळा मांडला होता. तात्यासाहेबांचा स्वतःचा तांब्याचा बॉयलर मात्र मागच्या शेडमध्ये गोणपाटाखाली पडून होता.

"आमच्या बॉयलरला बोटभर कुंकू नाय?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"केवढा जड तो, मामंजी," मीनाक्षी म्हणाली. "कोण उचलणार? आणि पाटावर मावणार कुठं?"

चार माणसांत सुनेशी वाद घालायचा नाही, हा तात्यासाहेबांचा नेम होता. पण कान लाल झाले ते सगळ्यांनी पाहिले. लक्ष्मणनंही पाहिले, आणि त्याला जरा बरंच वाटलं.

भांडण तसं बॉयलरचं नव्हतंच, शेडचं होतं. पोलिस ॲक्शनच्या साली तात्यासाहेब निजामाच्या रेल्वेत क्लीनर म्हणून चिकटले आणि मीटरगेजचे ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. वाफेची इंजिनं गेली, छोटा रूळ गेला, मुकुंदवाडीवरून आता मोठी गाडी धावते. तात्यासाहेब तेवढे वाफेवर राहिले. हौशी लोक बंगल्याच्या बागेत माणूस बसेल एवढी लहान इंजिनं पळवतात, खऱ्या कोळशावर, खऱ्या वाफेवर. त्या इंजिनांचे पितळी अवयव, म्हणजे जास्तीची वाफ सोडणारा सेफ्टी वॉल, पाण्याची पातळी दाखवणारी काच, वाफेचा दाब दाखवणारं गेज, शिट्टी, हे ते शेडमध्ये बसून करत. नाशिकच्या एका गृहस्थांनी सगळा संच मागवला होता, एका अटीवर. शिट्टी खेळण्यातली नको, जुन्या मनमाड पॅसेंजरसारखी वाजली पाहिजे, आणि वाफेवर वाजवून बघितल्याशिवाय पाठवायची नाही.

लक्ष्मणला ती शेड एका ठेकेदाराला भाड्यानं द्यायची होती. शब्द देऊन बसला होता बिचारा. जागा दोघा भावांच्या नावावर, त्यामुळे शेवटचा शब्द मोठ्या भावाचा. आणि नानासाहेबांनी पोळ्यालाच सांगून टाकलं होतं, "दसऱ्यापर्यंत शिट्टी वाजली तर शेड तात्याची. नाय वाजली तर लक्ष्मणाची. मग माझ्याकडं रडत यायचं नाय कुणी."

कोळशाची काजळी नको म्हणून काल संध्याकाळी लक्ष्मणच्या बॉयलरवर शिट्टी लावून पाहिली होती. तिनं एकदाच मोठ्यानं हाक दिली, लगेच आवाज बसला आणि मग शिट्टीतून चक्क गरम पाणी गळायला लागलं. नानासाहेबांच्या धोतरावर शिंतोडे उडाले.

"शिट्टीच खराब हाय," लक्ष्मण म्हणाला.

"बॉयलर लहान हाय," तात्यासाहेब म्हणाले. "एवढी लांब शिट्टी एका दमात त्याची सगळी वाफ खाती. वाफ संपली की पाणी वर वढती. लेकराच्या पेल्यानं बैलाला पाणी पाजायला निघालाय तू!"

"मग कंपनीतून कॉम्प्रेसर आणतो. हवेवर वाजवू."

"हवेवरची शिट्टी निराळी, वाफेवरची निराळी. हवेवर घोगरी लागती. ती ऐकून काय कळणार? डोंबल?"

नानासाहेबांनी धोतर झटकलं आणि उद्या काय तो निकाल लावू म्हणून जेवायला उठले. त्यांना दुपारच्या एसटीनं देवगाव गाठायचं होतं. सीमोल्लंघनाला गावात नानासाहेब नाहीत, असं आजवर झालं नव्हतं.

आणि आज आरती झाल्यावर, शिट्टी परत बसणार या खात्रीनं, लक्ष्मण उत्साहानं पुढे झाला. "चला नाना, पाणी भरून परत एकदा लावू." त्यानं पाटावरच्या बॉयलरकडे हात नेला.

"हां! हात नको लावू!" नानासाहेब कडाडले. "पूजेतलं हत्यार हाय ते. उद्या उत्तरपूजा झाल्याबिगर हलवायचं नाय. इतका शिकला, एवढं कळंना व्हय?"

लक्ष्मणचा हात हवेतच राहिला. त्यानं बॉयलरकडे पाहिलं, माळेकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. मीनाक्षी समईची वात पुढे सारण्यात अगदी गढून गेली होती.

"पण नाना, तुम्ही तर दुपारी निघालात!"

"मग? माझ्यासाठी देव थांबंल का एसटी थांबंल?" नानासाहेब तात्यासाहेबांकडे वळले. "तुझा कुठाय? तो नाय ना पूजेत?"

तात्यासाहेबांना क्षणभर कळेना की काय झालं. मग कळलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, पण ती स्वयंपाकघरात गेली होती.

*

लक्ष्मणची आई सारजाबाई सकाळपासून लेकाच्या बाजूला होत्या. नवऱ्याचा तो तांब्याचा बोजा त्यांना डोळ्यासमोर नको होता. दगडी कोळशावर चालणारा; एकदा पेटवला की वाळत घातलेल्या लुगड्यांवर काजळी. त्यांनी सुनेला स्वयंपाकघरात गाठलं.

"मुद्दाम मांडला ना तू त्याचा बॉयलर?"

"काय बाई आत्याबाई! मान द्यायला मांडला."

"माझ्यासमोर शहाणपण करायचं नाय. नवऱ्याच्या पायात पाय घालती, लाज नाय वाटत? शेड भाड्यानं गेली तर तुमच्याच संसाराला लागंल ना?"

मीनाक्षीनं परात खाली ठेवली. "आत्याबाई, शेड गेली तर मामंजी दिवसभर कुठं बसतील?"

"बसतील की घरात. कुठं बसायचं?"

"घरात. म्हणजे इथं." मीनाक्षीनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे बोट दाखवलं. "खुर्ची टाकून. सकाळी, दुपारी. वरणाला फोडणी अशी द्या, गॅस बारीक करा, ही भेंडी कुणी चिरली. दुपारी झोपायचेही नाहीत ते, तुम्हाला माहीत आहे."

सारजाबाईंच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला. त्या जागी काळजी आली. कोपऱ्यात पान लावत बसलेल्या आवडाबाईंनी, म्हणजे नानासाहेबांच्या बायकोनं, सुपारीचा तोबरा सावरत मान डोलावली.

"पोरगी खरं बोलायली, सारजे. मग दुपारचं आपलं काय?"

दुपारचं म्हणजे काय, हे त्या स्वयंपाकघरापलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. आवडाबाईंच्या पानाच्या डब्याला खाली एक चोरकप्पा होता आणि त्यात पत्त्यांचा जोड होता. दोघी जावांच्या सासऱ्यांनी शिवना नदीकाठची जमीन पत्त्यांत घालवली, तेव्हापासून या घरात पत्ता दिसला तर तात्यासाहेब अन्न सोडत. नानासाहेब त्यांच्याहून कडक. पण आवडाबाई पोरांच्या शाळेसाठी मुकुंदवाडीला येऊन राहिल्या त्या इथंच राहिल्या; नवरे एक शेतात आणि एक इंजिनावर, आणि दुपारी काही संपता संपत नव्हत्या. जावाजावांनी चिंचोक्यांवर तीनपत्ती सुरू केली. भांडल्या नाहीत त्या दोघी कधी. लोक म्हणत, काय जावा आहेत, जणू सख्ख्या बहिणी. सगळी पुण्याई त्या पत्त्यांची होती.

आणि सावध करायला तात्यासाहेब स्वतः होते. जालन्याकडून गाडी आणताना मुकुंदवाडी आली की ते आपली ठरलेली शिट्टी वाजवत: एक लांब, दोन आखूड, आणि शेवटची एक ओढून ओढून सोडलेली. ती ऐकली की डाव जिथं असेल तिथं मोडायचा, पत्ते पिठाच्या डब्यात खुपसायचे, चूल पेटवायची. तात्यासाहेब स्टेशनवर गाडी सोपवून सायकलनं घरी येईतो तव्यावर भाकरी फुगलेली असायची. "माझी शिट्टी ऐकली की हिच्या तव्यावर भाकरी पडायची," हे तात्यासाहेब आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सांगताना आवाज हलायचा. सारजाबाई त्या वेळी खाली मान घालून पदर नीट करत, आणि लोकांना वाटे, लाजल्या.

"लुगडी आत घे," सारजाबाई सुनेला म्हणाल्या. "काजळी पडंल."

*

शेडमध्ये निराळीच अडचण उभी होती. बॉयलर पूजेत नव्हता, पण पाने सगळे पूजेत होते. नट आवळायचे कशानं?

तात्यासाहेब गल्लीच्या तोंडाशी रशीदमियाँच्या गॅरेजात गेले आणि पाना मागून घेऊन आले. रशीदमियाँ मागोमाग दारापर्यंत आले होते. "तात्या, पाना लेको जाव, पन हमारी तरफ मुँह करको मत फोडना उसकू!"

"फुटत नाय," तात्यासाहेब म्हणाले. पण नानासाहेबांनी आपली खुर्ची दोन हात मागे घेतली.

"खरंच फुटला तर?" लक्ष्मणनं विचारलं. आता त्याच्याकडे एवढंच हत्यार उरलं होतं. "सांध्यातून गळत होता ना मागं? नाना, उगाच सणासुदीचं..."

"तो सांधा पुन्हा चांदीचा डाग देऊन पक्का केलाय," तात्यासाहेब म्हणाले. "अन् आधी वाफ नाय भरत मी. आधी थंड पाणी." त्यांनी बॉयलर काठोकाठ भरला, तोंडं बंद केली आणि हातपंपानं आणखी पाणी दाबायला लागले. गेजचा काटा वर सरकला. शिट्टीला लागतो त्याच्या दुप्पट दाबावर नेऊन त्यांनी पंप सोडला. "आता बघत बसा. काटा उतरला तर बॉयलर खराब. थंड पाण्यानं फुटला तर अंग भिजतं तेवढं, माणूस मरत नाय. वाफेचं तसं नसतं, म्हनून ही परीक्षा पयली."

तिघं काट्याकडे बघत बसले. काटा हलला नाही. नानासाहेबांनी पान खाऊन संपवलं, तरी हलला नाही. त्यांनी खुर्ची एक हात पुढे घेतली.

तात्यासाहेबांनी जास्तीचं पाणी सोडलं, कोळसा पेटवला आणि लांबुळकी पितळी शिट्टी वर बसवली. बॉयलरची त्यांना चिंता नव्हती. चिंता आवाजाची होती. आठवणीतला आवाज खरा असतो का? रिटायर झाल्यापासून ती शिट्टी त्यांनी फक्त डोक्यात ऐकली होती, आणि डोक्यावर आता त्यांचा पहिल्यासारखा भरवसा नव्हता. चुकीची वाजली तर शेड जाईल. शेड गेली तर सकाळी उठून जायचं कुठं, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"पण वाजली तरी ती मनमाड पॅसेंजरचीच हे कुणी सांगायचं?" लक्ष्मण म्हणाला. "तात्या म्हणणार हीच. ते तर म्हणणारच."

"सारजाबाई सांगंल," नानासाहेब म्हणाले.

"आई शेवटी तात्यांच्याच बाजूनं सांगणार. आणि ती तुमच्याशी बोलते तरी का?"

हे खरं होतं. सारजाबाई भायांसमोर, म्हणजे थोरल्या दिरांसमोर, डोक्यावरचा पदर ढळू देत नसत, की तोंडानं एक शब्द बोलत नसत. काही सांगायचं तर मीनाक्षीमार्फत, आणि मीनाक्षी मधल्या मधे काय काय घालते, याचा अनुभव नानासाहेबांनी पूर्वी घेतला होता. ते विचारात पडले. मग हसले.

"बैल आपल्या गाडीची घुंगरं ओळखतो का बघायचं, तर त्याला सांगून वाजवत नसतात. बायकांना काय बोलू नका. लक्ष्मणा, तू जा, मोरीकडल्या खिडकीला उभा राहा, तुला बघू देऊ नको. इकडं तात्या वाजवंल. तुझी आई उठली, भाकरीच्या नादाला लागली, तर शिट्टी खरी. हलली नाय तर शेड तुझी. साक्ष तुझीच, मग तर झालं?"

लक्ष्मणला यात खोट दिसेना. तो गेला.

*

खिडकीतून त्यानं आत पाहिलं आणि डोळे चोळले.

स्वयंपाकघरात तिघी पोत्यावर बसल्या होत्या. मधे चिंचोक्यांचा ढीग. मोठ्या आईनं, आवडाबाईंनी, तीन पत्ते पंख्यासारखे धरले होते. त्याची स्वतःची आई, जी एकादशीला पाणीसुद्धा विचारून पिते, ती डोळा बारीक करून आपले पत्ते बघत होती.

"आणखी पाच," सारजाबाई म्हणाल्या आणि चिंचोके ढकलले.

"काय नाय हिच्याकडं," आवडाबाई म्हणाल्या. "ही अशीच भेव दाखवती. माझे पाच."

"मी पडले," मीनाक्षी म्हणाली आणि तिनं पत्ते पालथे टाकले.

लक्ष्मणच्या डोक्यात घंटी वाजली. हे तात्यांना कळलं तर? शिट्टीबिट्टी राहिली बाजूला, घरात धरणीकंप. नानासाहेब चिडून काय वाटेल तो निकाल देतील. नुसतं शेडकडे जाऊन म्हणायचं, नाना, जरा इकडं या. तेवढ्यानं ठेकेदाराला दिलेला शब्द राहणार होता.

आणि शिट्टी वाजली.

एक लांब. काल बसली होती ती ही नव्हती. भरदार, खालून उठून वर जाणारी, अंगणातून, गल्लीतून, पार रुळांपर्यंत पोचणारी. लक्ष्मण पुन्हा पाच वर्षांचा होता, पायरीवर बसला होता आणि तात्या येणार होते. दोन आखूड. मग ती शेवटची, ओढून ओढून सोडलेली.

ती पुरी सुटायच्या आत स्वयंपाकघरात कुणी बसलेलं नव्हतं. गुडघे धरल्याशिवाय न उठणाऱ्या सारजाबाई ताडकन उभ्या होत्या. आवडाबाईंनी चिंचोके ओच्यात भरले. सारजाबाईंनी हातातले पत्ते पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत खुपसले आणि त्याच हातानं पीठ बाहेर काढलं. परातीत टाकलं, पाणी ओतलं, मळायला लागल्या. मीनाक्षी तोंड उघडं टाकून बघत राहिली आणि मग तिनं गॅसवर तवा ठेवला.

अर्धी भाकरी थापून झाल्यावर सारजाबाईंचे हात थांबले. त्यांनी जावेकडे पाहिलं.

"जाऊबाई," त्या हळूच म्हणाल्या, "गाडी तर बंद झाली ना?"

मग त्यांची नजर खिडकीकडे गेली, आणि खिडकीत लेक होता.

सारजाबाईंनी पदराआडून मान हलवली, एकदाच, नाही म्हणून. लहानपणी तो बरणीतले लाडू चोरायचा आणि त्या बघायच्या, तेव्हा तो अशीच मान हलवायचा. त्यांनी एकदाही तात्यांना सांगितलं नव्हतं.

अंगणातून धावतच तात्यासाहेब आले. हात काळे, कपाळाला काजळी, मागे काठी टेकत नानासाहेब. "काय रं? काय झालं? सांग की!"

लक्ष्मणनं वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं. सत्तरीला टेकलेला हा माणूस परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या पोरागत उभा होता.

"उठल्या, तात्या," तो म्हणाला. "दोघीबी उठल्या. शिट्टी संपायच्या आत. आईनं डब्यात हात घातला, पीठ काढलं अन् भाकरी थापायला बसली."

शब्द न् शब्द खरा होता.

तात्यासाहेब मटकन मोरीच्या कठड्यावर बसले. काळ्या हातांनी डोळे पुसले, त्यामुळे ते आणखीच काळे झाले. "बघितलं ना दादा? इतकी वर्षं झाली तरी."

"निकाल लागला," नानासाहेब म्हणाले. "शेड तात्याची. लक्ष्मणा, तुझ्या ठेकेदाराला मी सांगतो काय ते."

"तुझाबी बॉयलर चांगला हाय," तात्यासाहेब लेकाला म्हणाले. हे ते पहिल्यांदाच म्हणत होते. "गेज, सेफ्टी वॉल तपासायला तुझाच घेईन. बटण दाबलं की झालं. शिट्टीला तेवढा माझा. दोन्ही लागतील."

लक्ष्मणनं मान डोलावली. शेड गेली होती आणि त्याला नवलानं जाणवलं, की आपल्याला फारसं वाईट वाटत नाहीये.

सारजाबाई दारात आल्या. भाया समोर होते, म्हणून डोक्यावर पदर, नजर खाली, हाताला पीठ. तात्यासाहेबांनी बायकोकडे असं पाहिलं, की आवडाबाईंना तोंड फिरवावं लागलं.

"आता रोज दुपारी वाजवीन," ते म्हणाले. "तुला ऐकू यावी म्हनून. चालंल ना?"

सारजाबाईंनी सुनेच्या कानात काहीतरी सांगितलं. मीनाक्षीनं ते ऐकलं, ओठ घट्ट मिटून हसू गिळलं आणि या खेपेला मधे काहीही न घालता जसंच्या तसं पोचवलं.

"आत्याबाई म्हणतात, वाजवा की. रोज वाजवा. पण घरात पाऊल टाकायच्या आधी वाजवत जा. विसरू नका."

"विसरतो कसा!" तात्यासाहेब म्हणाले आणि डोळे पुसत शेडकडे गेले. कोळसा अजून धगधगत होता.

लक्ष्मण स्वयंपाकघरात शिरला. त्यानं पिठाच्या डब्यात हात घातला, तीन पत्ते बाहेर काढले, फुंकर मारून पाहिले. तिन्ही एक्के होते.

"त्या शिट्टीनं माझे असेच डाव मोडले रे आयुष्यभर," सारजाबाई म्हणाल्या आणि पोत्यावर सरकून लेकाला जागा करून दिली.